साहित्यपरंपरा आणि जाळ्यांचे गणित

गणित आणि वाङ्मय ह्यांचा संबंध म्हटला म्हणजे आम्हां भाषाशिक्षकांना गण, मात्रा आणि यती एवढेच आठवते. वृत्तातील लघुगुरू मोजून झाले की गणिताने वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेर थांबावे, अशी आमची जुनी समजूत आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत हा पाहुणा ओसरी ओलांडून माजघरापर्यंत आला आहे. इटालियन समीक्षक फ्रांको मोरेत्ती ह्यांनी २०११ साली ‘हॅम्लेट’ नाटकातील पात्रांना गाठी आणि त्यांच्या संभाषणांना दुवे मानून त्या नाटकाचे जाळेच रेखाटून दाखविले. एका नाटकाचे जाळे स्थिर असते. वाङ्मयाची परंपरा मात्र वाढत असते. तीत नवे ग्रंथ येतात, जुने विस्मृतीत जातात, कित्येक पुन्हा उजेडात येतात. अशा वाढत्या, बदलत्या जाळ्यांचे एक स्वतंत्र गणित आज सिद्ध झाले आहे. ते आमच्या परंपरेला कितपत लागू पडते, आणि जेथे पडत नाही तेथे दोष गणिताचा की आमचा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार करण्यास आम्हांस केवळ जिज्ञासेने प्रवृत्त केलेले नाही. पांढुर्णा आणि सौंसर ह्या मराठी मुलखाच्या काठावरच्या गावांत ज्याने आयुष्य शिकविण्यात घालविले, त्याला ‘केंद्र’ आणि ‘काठ’ हे शब्द पुस्तकात शोधावे लागत नाहीत.

१

प्रथम गणिताची बाजू थोडक्यात पाहू. जाळे म्हणजे काही गाठी आणि त्यांना जोडणारे दुवे. ग्रंथ ह्या गाठी मानल्या तर एका ग्रंथाने दुसऱ्याचे घेतलेले नाव, त्यावर लिहिलेली टीका, त्यातून काढलेला उतारा हे दुवे होत. १९५९-६० च्या सुमारास हंगेरीच्या पॉल एर्डॉश आणि आल्फ्रेड रेन्यी ह्या गणितज्ञांनी अशी कल्पना केली की, दुवे निव्वळ यदृच्छेने, जणू चिठ्ठ्या टाकून जोडले जातात. अशा जाळ्यात बहुतेक गाठींना सरासरीच्या आसपास दुवे मिळतात. फार श्रीमंत गाठ नाही, फार दरिद्रीही नाही. ही कल्पना सुंदर आहे. पण जग तसे नाही. बाजाराच्या दिवशी माणसे चिठ्ठ्या टाकून दुकान निवडत नाहीत. जेथे गर्दी आहे तेथेच गर्दी वाढते.

ही दुसरी गोष्ट १९९९ साली आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट ह्यांनी सूत्रबद्ध केली. त्यांची गृहीते दोनच. जाळे सतत वाढते, हे पहिले. आणि नवी गाठ जुन्यांपैकी जिच्याकडे अधिक दुवे आहेत तिच्याशी जोडली जाण्याचा संभव त्याच प्रमाणात अधिक असतो, हे दुसरे. एवढ्यावरून निघणारा हिशेब कोणत्याही शिक्षकास फळ्यावर मांडता येईल. गाठीचे दुवे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. समजा, प्रत्येक क्षणी एक गाठ जाळ्यात येते आणि येताना दोन दुवे जोडते. शंभरावी गाठ आली त्या क्षणी तिच्याकडे दोन दुवे असतील. पंचविसाव्या गाठीकडे सुमारे चार, चौथीकडे दहा आणि पहिलीकडे वीस. पहिलीचा गुण शंभरावीहून अधिक होता असे येथे कोठेही मानलेले नाही. ती आधी आली, एवढेच तिचे पुण्य.

हा विचार अगदी नवा नव्हे. १९२५ साली उडनी यूल ह्यांनी सजीवांच्या प्रजाति-जातींविषयी तो मांडला होता. १९५५ साली हर्बर्ट सायमन ह्यांनी तो थेट भाषेला लावला: लेखक पुढचा शब्द घेताना क्वचित नवा घेतो, एरवी आधी जितका वापरला असेल तितक्या प्रमाणात जुनाच पुन्हा घेतो, म्हणून थोडे शब्द अपार वेळा येतात आणि असंख्य शब्द एखाददुसऱ्या वेळीच. १९६८ साली रॉबर्ट मर्टन ह्या समाजशास्त्रज्ञांनी विद्वानांच्या कीर्तीविषयी हेच सांगितले व त्यास मत्तयाच्या शुभवर्तमानावरून नाव दिले. आमच्याकडे त्यासाठी शास्त्राची वाट कोणी पाहिली नाही. पैशाकडे पैसा जातो, हे आमच्या बाजारातील प्रत्येक आडत्यास ठाऊक आहे.

पण ह्या सर्वांत आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटले ते डेरेक डी सोला प्राइस ह्या विज्ञानेतिहासकाराचे १९७६ सालचे विवेचन. शास्त्रीय लेख एकमेकांचा उल्लेख कसा करतात हे पाहताना त्यांना एक साधी अडचण दिसली. ज्याच्याकडे काही आहे त्यालाच मिळते, असा जर नियम असेल, तर ज्याच्याकडे शून्य आहे त्याला कधीच काही मिळणार नाही. शून्याला कशानेही गुणा, उत्तर शून्यच. आणि प्रत्येक नवा लेख तर शून्यानेच जन्म घेतो! तेव्हा प्राइस ह्यांनी प्रत्येक लेखाच्या खात्यावर आरंभीच एक जमा धरला. प्रसिद्ध झाला, हाच त्याचा पहिला मान. पुढील गणितज्ञांनी असे दाखविले की हे आरंभीचे भांडवल जितके मोठे ठेवावे, तितकी जाळ्यातील विषमता सौम्य होते. वाचकांनी हा ‘एक’ ध्यानात ठेवावा. ह्या लेखाचा सारा भार त्याच्यावर आहे.

२

आता हे माप मराठीस लावून पाहू. पुष्कळसे ते बसते, हे मान्य करावयास हवे. परशुरामतात्या गोडबोले ह्यांचे ‘नवनीत’ १८५४ साली निघाले. जुन्या मराठी कवितेचा हा वेचा पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून वाचला गेला. त्यात जे कवी आले ते मुलांच्या तोंडी बसले. जे तोंडी बसले त्यांवर टीपा निघाल्या. ज्यांवर टीपा होत्या तेच पुढील वेच्यांच्या संपादकांस सोयीचे वाटले. तुकोबांच्या गाथेची मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये खर्चून काढलेली आवृत्ती १८६९ पासून निघाली, आणि मुद्रित जगात तुकोबांचे स्थान अढळ झाले. तुकोबांची थोरवी सरकारी अनुदानाने निर्माण झाली असे म्हणण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. वारीच्या वाटेवर ती त्यापूर्वी दोन शतके सिद्ध झालेली होती. परंतु मुद्रणाच्या युगात आरंभीच मिळालेल्या जागेचे मोल किती वाढते, हे त्यावरून दिसते.

फार लांब जावयास नको. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटविलेली असते. मुलगा पुस्तक हाती घेतो, पहिले पान उघडत नाही, शेवटचे उघडतो. चिठ्ठी तारखांनी भरलेली असली की पुस्तक घरी जाते. कोरी असली की परत फळीवर. बाराबाशींचा नियम त्या मुलाने वाचलेला नाही, पण तो पाळतो.

वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ ह्यांनी १९९८ साली दाखविलेली गोष्टही आमच्या परंपरेत स्पष्ट दिसते. शेजारी शेजाऱ्याशीच जोडलेल्या जाळ्यात दूरवर जाणारे मोजके दुवे टाकले, तर सारे जग एकदम जवळ येते. नामदेव हा असा दुवा आहे. ज्ञानदेव, चोखामेळा, जनाबाई, गोरोबा हे सारे पंढरीच्या परिघातले, एकमेकांस ओळखणारे. त्या मेळ्यातील एका शिंप्याची पदे पंजाबात पोचली आणि १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्यांतील एकसष्ट स्थान पावली. भीमेचा काठ आणि पंजाब ह्यांमधले अंतर त्या एका दुव्याने तुटले. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, ते ह्याच सहा-सात शतकांपूर्वीच्या धाग्याला धरून.

३

येथवर गणित आणि इतिहास हातात हात घालून चालतात. पण समीक्षकाने जुळणाऱ्या उदाहरणांवर संतुष्ट राहू नये. न जुळणारे शोधावे. असे एक उदाहरण आमच्यापासून फार दूर नाही. पांढुर्ण्याहून वरूड-मोर्शीकडे गेले की रिद्धपूर लागते. श्रीगोविंदप्रभूंचे हे स्थान. चक्रधरांच्या प्रयाणानंतर महानुभावांचा मेळा येथेच जमला आणि म्हाइंभटांनी गावोगावच्या शिष्यांस भेटून, विचारून, ताडून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. परंपरेने त्याचा काळ १२७८ च्या सुमाराचा मानला जातो. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. म्हणजे एकाच भाषेत, एकाच यादवकाळात, अवघ्या डझनभर वर्षांच्या अंतराने जाळ्यात दोन गाठी पडल्या. वयाच्या नियमाने दोघींचे भाग्य जवळपास सारखे व्हावयास हवे होते.

झाले काय? ‘ज्ञानेश्वरी’ देवळात, दिंडीत, घरोघरी वाचली गेली. १५८४ साली एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला, आणि तिच्यातून निघालेल्या वाटा मोजता येऊ नयेत इतक्या झाल्या. ‘लीळाचरित्र’ मात्र पंथाबाहेर गेले नाही. सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ते मठांच्या पेट्यांत राहिले. पंथाच्या आत त्याचे पठण, टीका, पाठभेदांची चर्चा अखंड चालू होती. पण त्या लहान जाळ्यातून मोठ्या जाळ्यात एकही दुवा जात नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजवाडे, भावे, य. खु. देशपांडे ह्यांनी त्या लिपीचे आणि त्या वाङ्मयाचे दार उघडले, नागपूरच्या ह. ना. नेने ह्यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ छापून काढले. पुढे तुळपुळे आणि कोलते ह्यांच्या आवृत्त्या आल्या. आणि आज मराठी गद्याचा इतिहास ह्या ग्रंथाचे नाव घेतल्यावाचून सुरूच होत नाही. सहाशे वर्षांहून अधिक काळ बाहेरच्या जगासाठी शून्य असलेली गाठ पन्नास वर्षांत केंद्र झाली.

बाराबाशींच्या मूळ सूत्रात ह्या घटनेला जागा नाही. शास्त्रातही असे प्रकार आढळल्यावर हॉलंडच्या व्हान रान ह्यांनी २००४ साली अशा दीर्घकाळ दुर्लक्षित लेखांना परीकथेतील निद्रिस्त राजकन्येचे नाव दिले. नाव गोड आहे. पण स्पष्टीकरण नव्हे. राजकन्या आपोआप जागी होत नाही. आमच्या मते ‘लीळाचरित्रा’च्या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, जाळ्यातील वय हे जन्मापासून मोजायचे नसते, जाळ्यात प्रवेश झाल्यापासून मोजायचे असते. दुसरी अशी की, तो प्रवेश कोणत्याही संभवाच्या नियमाने होत नाही. कोणीतरी मनुष्य बसतो, अपरिचित अक्षर लावतो, पदराला खार लावून पोथी छापतो. प्राइस ह्यांनी सर्वांच्या खात्यावर सरसकट जमा केलेला तो ‘एक’ वाङ्मयात सरसकट जमा होत नाही. तो प्रत्येक वेळी कोणाला तरी आपल्या हाताने द्यावा लागतो.

४

ह्या शास्त्रावरील आमचे इतर आक्षेपही येथेच नोंदवितो. जाळ्याचे गणित दुवे मोजते, पण दुव्याची जात ओळखत नाही. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’मधील विडंबन आणि एखाद्या शिष्याचे भाविक अनुकरण ह्या दोहोंचे वजन त्याच्या तराजूत सारखेच भरते. समीक्षेचे काम तर नेमके तो फरक सांगण्याचे आहे. शिवाय नवागत गाठीला सारे जाळे दिसते, असे ते गृहीत धरते. आमच्या आठवीतल्या मुलाला सारे मराठी वाङ्मय दिसत नाही. त्याला दिसते ते क्रमिक पुस्तक आणि आम्ही. सर्वत्र हाच नियम चालतो असा जो डांगोरा पिटला गेला, तोही आता शास्त्रज्ञांनीच आवरला आहे. ब्रॉइडो आणि क्लॉसेट ह्यांनी २०१९ साली सुमारे एक हजार जाळी तपासली, तेव्हा नियमाचा भक्कम पुरावा त्यांतील अगदी थोड्यांतच मिळाला. बियांकोनी आणि बाराबाशी ह्यांनीही २००१ मध्ये गाठीच्या अंगच्या योग्यतेस सूत्रात जागा दिली होती. म्हणजे उशिरा आलेला गुणवान पुढे जाऊ शकतो हे खुद्द आचार्यांस मान्य आहे.

तरीही हे शास्त्र टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या परंपरेविषयी आपण जी चित्रे मनात बाळगतो, त्यांना त्याने एक चांगला धक्का दिला आहे. संतांच्या परंपरेस आपण देवालयाची उपमा देतो. ज्ञानदेव पाया, तुकोबा कळस. उपमा रम्य आहे. परंतु देवालयाला कळस चढला की काम संपते. पुढे येणाऱ्याने दर्शन घ्यावे आणि जावे. जाळ्याला कळस नसतो. निळोबा आणि बहिणाबाई हे कळसानंतरचे अवशेष ठरत नाहीत. ते नवे दुवे ठरतात. आणि काठावरची गाठ ही पडकी भिंत ठरत नाही. तिच्यातून पुढचा धागा निघू शकतो.

५

आता आमच्या काठाविषयी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मनुष्य कचेरीसाठी, दवाखान्यासाठी, बाजारासाठी जेथे जात असे तेथेच त्याची भाषाही होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. गाठी जागच्या जागी राहिल्या. दुवे मात्र पुन्हा बांधले गेले. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यकारभाराच्या सोयीविरुद्ध आमची तक्रार नाही. हिंदीने आम्हांस जे दिले त्याविषयीही आम्ही कृतज्ञ आहोत. आम्ही केवळ एवढेच नोंदवितो की, आमच्या वर्गातील मूल घरी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलते, शाळेत हिंदीतून शिकते, आणि मराठी वाङ्मयाच्या जाळ्यात ते कोणत्याच खात्यावर जमा नाही.

रेल्वेचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. २००३ साली कोलकात्याच्या पारोंगमा सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रेल्वेचे जाळे अभ्यासिले. त्यांनी दुवा ठरविण्याची जी कसोटी घेतली ती मार्मिक आहे: रूळ जोडलेले असणे पुरेसे नाही, एखादी गाडी दोन्ही स्थानकांवर थांबत असेल तरच ती दोन स्थानके जोडलेली. पांढुर्ण्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. नागपूर-इटारसी हमरस्त्यावर आमचे स्थानक आहे. किती गाड्या त्यास धूळ दाखवून निघून जातात! सौंसरची छोटी लाइन २०१५ साली बंद झाली आणि रुंद रूळ पडेपर्यंत कित्येक वर्षे तेथे गाडीच नव्हती. मराठी वाङ्मयाचेही आमच्याकडे तसेच आहे. मराठी आमच्या अंगणातून जाते. प्रश्न ती थांबते का, हा आहे.

आणि थांबा देण्याचा अधिकार दरवेळी दूरच्या कोणाकडे असतो असेही नाही. आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी सौंसर भागातील एका खेड्याचा मुलगा एक वही घेऊन आमच्याकडे आला. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्याने जमतील तशा देवनागरीत उतरविल्या होत्या. संत्र्याच्या बागा, जाम नदीचा पूर, माहेरची वाट, असे पुष्कळ काही त्यांत होते. शुद्धलेखन मात्र कोठेही नव्हते. आम्ही त्या चाळल्या, लेखनाच्या चुकांवर तांबड्या शाईने खुणा केल्या, आणि ‘हे कोठे छापून आले आहे काय?’ असे विचारले. आले नव्हते. मग आम्ही त्यास संकलनासाठी एका मान्यवर कवीच्या ओव्या वाचावयास सांगितल्या. त्याने त्या वाचल्या, तो गुणी विद्यार्थी होता. काही वर्षांनी आम्हांस त्या वहीची आठवण झाली, तेव्हा वही सापडली नाही, आणि आजीही राहिली नव्हती. ‘कोठे छापून आले आहे काय’ हा प्रश्न म्हणजे पुस्तकाची शेवटची चिठ्ठी पाहणेच होते. मुलाने तसे केले तर तो नियम झाला. आम्ही केले तेव्हा तो निर्णय होता, आणि तो चुकला.

एवढ्यावरून आम्ही जे म्हणतो ते असे. श्रीमंत गाठ श्रीमंत होत जाते, हा नियम परंपरेचे वर्णन करतो. तो परंपरेचा निकाल नव्हे. त्या नियमात नवागताची निवड गृहीत आहे, आणि वाङ्मयात नवागताची निवड पुष्कळ अंशी शिक्षक, संपादक आणि अकादमी करतात. ज्ञानदेव-तुकोबांच्या खात्यातून काही वजा करण्याची कोणासही गरज नाही. त्यांचे भांडार अक्षय आहे. गरज आहे ती शून्यावर असलेल्यांच्या खात्यावर आरंभीचा एक जमा करण्याची. त्यापुढे ती गाठ वाढेल की नाही हे तिच्या अंगच्या गुणावर सोडावे. सर्वच ओव्या थोर नसतात, आणि ज्या नसतील त्या विसरल्या गेल्या तरी खंत नाही. परंतु वाचल्यावाचून विसरणे आणि वाचून विसरणे ह्यांत फरक आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अकादमीच्या प्रत्येक सभासद-शिक्षकाने वर्षातून एकदा आपल्या तहसिलीतील एक अप्रकाशित रचना, मग ती जात्यावरची ओवी असो, दंडार असो की एखाद्या निवृत्त पोस्टमनची आठवण असो, सांगणाऱ्याचे गाव व वर्ष ह्यांसह, तिच्या मूळ बोलीत, तांबडी शाई न लावता उतरून अकादमीकडे पाठवावी. आणि अकादमीने आपल्या नियतकालिकाची काही पाने त्यांसाठी राखावी. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. आमच्या जिल्ह्यातून तेथवर जाणारा दुवा फार लांबचा नाही. म्हाइंभटांनी पायी हिंडून जे केले, ते एस.टी.ने जाणाऱ्या आम्हांस अवघड वाटू नये.

गणिताचे आम्ही पंडित नाही. प्रतिमानांचा अर्थ लावताना आमच्याकडून काही न्यून राहिले असल्यास जाणत्यांनी ते दाखवावे. आमच्या सूचनेविषयी मात्र सभासदांनी मत द्यावे आणि शक्य तर येत्या सत्राच्या आरंभी आपापल्या शाळेतून एक वही मागवावी, अशी विनंती आहे.